थिनबाईंची सकाळची भवानी

आमच्या हायफाँग बंदरात खेकड्याचं सूप विकणारे किती आहेत हे कुणी मोजलेलं नाही. पण त्यांतल्या प्रत्येकाच्या मते बाकीचे सगळे गरम पाणी विकतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या थिनबाईंचंही मत हेच. त्या ते मनात ठेवत नाहीत, एवढाच फरक.

त्यांचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. शेतातले लहान खेकडे त्या दगडी उखळात कुटायला लागल्या की गल्ली जागी होते. माझ्या घरातलं घड्याळ मागे कधीतरी बंद पडलं, ते दुरुस्त करायची वेळ आलेली नाही. कुटलेला लगदा पाण्यात कालवायचा, फडक्यातून गाळायचा, आणि ते मातकट पाणी मंद आचेवर ठेवून त्याच्याकडे टक लावून बसायचं. हळूहळू खेकड्याचा मऊ थर वर येतो. त्या वेळी थिनबाईंशी कुणी बोलायचं नसतं. बोललं की थर फुटतो. हे शास्त्र मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही, पण मोडूनही पाहिलेलं नाही. मग वाडग्यात तांदळाच्या रुंद तपकिरी शेवया, नाळीची भाजी, तळलेला कांदा, वर रस्सा आणि त्यावर तो थर.

आता एवढं सगळं तयार असलं तरी ते लगेच मिळतं असं नाही. पहिला वाडगा तोआनदादांचा. ते येऊन, बसून, खाऊन, पैसे देऊन उठेपर्यंत थिनबाई कुणाच्या वाडग्यात पळी घालत नाहीत. सकाळची भवानी ज्याच्या हातची, तसा सगळा दिवस जातो, हे आमच्याकडे दुकान थाटणारा प्रत्येक जण मानतो. हलक्या पावलाचं माणूस पहिलं आलं तर पातेलं न्याहारीच्या वेळीच रिकामं. जड पावलाचं आलं तर दुपारी तेच पातेलं घरी न्यायचं. आणि पहिलाच येणारा नुसतं बघून, काही न घेता निघून गेला तर वर्तमानपत्राचा बोळा पेटवून दुकानाची दृष्ट काढावी लागते, तेही तो नजरेआड व्हायच्या आत.

त्यामुळे सकाळी सहाला दहा माणसं स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली असतात, पातेलं वाफाळत असतं, आणि कुणी खात नसतं. नवखा माणूस कुरकुर करतो.

"मावशी, मी केव्हाचा बसलोय. मी काय भिंत आहे?"

"भिंत गप्प बसते," थिनबाई म्हणतात.

नवरा गेल्यावर त्यांनी हा धंदा सुरू केला तेव्हा भवानीसाठी बरीच माणसं पारखली होती. एक शाळामास्तरीण होती, तिने पालेभाजी जास्त घाला म्हणून घासाघीस केली, तर दिवसभर येईल तो घासाघीस करत राहिला. बंदरातला एक कारकून वाडग्यासमोर डुलक्या काढायचा. त्याच्या काळात धंदाही डुलक्या काढत होता म्हणे. मलाही त्यांनी एकदा आजमावलं. त्या दिवशी पातेलं उलटलं. तो विषय आम्ही दोघंही काढत नाही. मग एके दिवशी बंदरातले क्रेन चालवणारे तोआनदादा आले, न बोलता खाल्लं, वाडगा तोंडाला लावून तळ कोरडा केला, पैसे दिले आणि गेले. त्या दिवशी दहाच्या आत पातेलं रिकामं.

"त्या दिवशी बंदरात मोठं जहाज लागलं होतं," मी एकदा सुचवून पाहिलं. "खलाशांची रांग होती."

"आणि खलाशांना इकडे कुणी आणलं?" थिनबाईंनी विचारलं.

त्या जहाजाच्या दिवसापासून तोआनदादा पहिले आणि मी दुसरा. दुसऱ्या गिऱ्हाइकाला शास्त्रात काही स्थान नाही. त्याला फक्त लवकर खायला मिळतं.

तोआनदादा निवृत्त झाले, मग त्यांची बायको वारली. मुलगा जहाजावर असतो, वर्षातून एकदा येतो. घरात सून नू, ती बुटांच्या कारखान्यात जाते. आयुष्यभर उंचावरच्या पिंजऱ्यात बसून डोंगराएवढे पेटारे इकडून तिकडे ठेवणारा माणूस खाली उतरला, आणि खाली त्याला कुणी काही विचारेना. अशा माणसाकडे गल्लीतलं एक पद आलं होतं. त्यासाठी ते रोज दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत. दूर नाम दिन्ह गावी पुतण्याचं लग्न होतं तेव्हा आधी इथे वाडगा संपवून मग बसमध्ये बसले. नवरीचा गृहप्रवेश होऊन गेल्यावर पोचले. "इथलं उरकल्याशिवाय कसं निघणार?" एवढंच त्यांनी भावाला सांगितलं, आणि भावाला ते पटलं.

तर अशा तोआनदादांच्या उजव्या पायाचा अंगठा एका सकाळी टोमॅटोसारखा फुगला. डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं, वातरक्त, म्हणजे गाउट, आहे म्हणाले, आणि बियर, काळीज-आतडी आणि खेकडे बंद केले. बियर त्यांनी तिथल्या तिथे सोडली. काळीज-आतड्यांचं नावही पुन्हा काढलं नाही. खेकड्याबद्दल मात्र ते घरी येईपर्यंत काहीच बोलले नाहीत, असं नू सांगते.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले, पण बसले नाहीत.

"थिनबाई, आज पिशवीत बांधून द्या. घरी खातो."

"घरी काय आहे?"

"खुर्ची आहे. पाठीला बरी पडते."

थिनबाईंनी एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि बांधून दिलं. बांधून नेलेलीही भवानी चालते, फक्त पैसे आधी हवेत. पुढे रोज पिशवीच जाऊ लागली. धंदा नेहमीसारखा होता. उलट जरा बराच. नुसतं खायला म्हणून हनोईहून सकाळच्या रेल्वेने येऊन संध्याकाळी परतणारी पोरंपोरी त्या सुमाराला फार वाढली होती.

मग एका रविवारी नू गल्लीत भाजी घ्यायला आली आणि थिनबाईंपाशी थांबली.

"मावशी, तुम्ही माझ्या जिवावर उठलाय. कारखान्याची पँट बसेना मला. रोज सकाळी बाबा तुमचा वाडगा आणून माझ्यापुढे ठेवतात. खा म्हणतात, टाकायचं नाही, तळापर्यंत खा. आणि समोर बसून बघत राहतात."

थिनबाईंच्या हातातली पळी थांबली. "आणि ते स्वतः?"

"त्यांना कुठे चालतंय खेकडं? पाय बघितला नाहीत का त्यांचा?" एवढं बोलून नूच्या लक्षात आलं, की मावशींना हे कुणी सांगितलेलं नाही. तिने कोथिंबिरीची जुडी उचलली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी थिनबाईंनी पिशवी बांधली नाही.

"दादा, पाय दाखवा."

तोआनदादांनी पाय स्टुलामागे घेतला.

"ज्याच्या पावलावर माझं दुकान चालायचं, तो पाय सुजलाय, आणि मला सूनबाईकडून कळतं."

"धंद्याला काही झालं का? चाललाय ना नीट?"

"चाललाय. म्हणजे इतके दिवस नूने चालवलाय. ज्याने खाल्लं त्याची भवानी. तुम्ही नुसते पोस्टमन."

तोआनदादांनी शर्टाची बाही सारखी केली आणि ते लंगडत घरी गेले. थिनबाईंनी त्या दिवशी पातेल्याशी इतक्या खडखडाटात काम केलं की थर दोनदा फुटला. पाय सुजलेल्या माणसाने आपल्या धंद्यापायी पुन्हा खेकडा खाऊ नये, म्हणून त्यांनी त्याला पदावरून काढलं होतं. त्या माणसाला सकाळी उठून जायला दुसरी जागा नाही, हे त्यांना पातेलं अर्धं झाल्यावर आठवलं असावं. कारण अधूनमधून त्या समोर त्याच्या दाराकडे बघत होत्या.

नूला भवानीला बसवण्याचा प्रयोग झाला. पण तिला साडेसहाची बस असायची. ती उभ्यानेच खाई, तोंड भाजे, अर्धा वाडगा ठेवून पळे. त्या आठवड्यात सगळ्यांनीच अर्धा वाडगा टाकून पळायचं ठरवलंय असं थिनबाईंना दिसू लागलं. तोआनदादा दारात पायरीवर पाय पसरून बसलेले असत. दाढी केलेली नसे. मी हाक मारली तर हात वर करत आणि पुन्हा रस्त्याकडे बघत. मी एकदा थिनबाईंना म्हणालो, "नुसतं येऊन बसू द्या की त्यांना."

"नुसता बसलेला माणूस म्हणजे न घेता जाणारं गिऱ्हाईक. मी रोज कागद पेटवत बसू?"

मग ती सकाळ आली. नू रात्रपाळीला होती, परतली नव्हती. पातेलं तयार, आम्ही सात-आठ जण स्टुलांवर, आणि भवानीला माणूस नाही. तेवढ्यात पाठीला पिशव्या लावलेली हनोईची चौघं गल्लीत शिरली. पुढे वी नावाची मुलगी होती; मोबाइलवर शहरातल्या खाण्याच्या जागांचा नकाशा उघडलेला. आदल्या रात्रीच येऊन राहिलेली, त्यामुळे भल्या सकाळी हजर.

"आजी, एक वाडगा आणि चार चमचे."

"आजी घरी असेल तुझी. बाकीच्या तिघांना दात आले नाहीत का अजून?"

"नाही हो मावशी, आम्हाला नुसती चव बघायचीय. अजून नऊ ठिकाणी जायचंय. पोटात जागा ठेवायला हवी ना."

"चार चमच्यांची भवानी घेतली तर आज दिवसभर मी चौघांत एक वाडगा विकत बसेन."

वीला यातलं काही नवं नव्हतं. तिची आई हनोईत कापड विकते, तीही भवानी पाळते. तरी वी गडबडली. "मग राहू द्या मावशी. आम्ही पुढे जातो. एक फोटो काढला तर चालेल?"

आता पंचाईत झाली. खाल्लं तर चार चमचे. गेली तर पहिलंच गिऱ्हाईक बघून गेलं, वर फोटो काढून. थिनबाईंचा हात वर्तमानपत्राकडे गेला.

"थांबा. जायचं नाही."

"मग खायचं?"

"खायचंही नाही."

"मग काय करू?"

"उभे राहा."

चौघं उभी राहिली. आम्ही बसलेले. वाफ वर जात होती. समोरच्या दारातून तोआनदादा हे सगळं बघत होते. ते उठले. कालचा शर्ट, एका पायात चप्पल, दुसऱ्याला फडकं गुंडाळलेलं. रस्ता ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला. ते येऊन आपल्या स्टुलावर बसले.

"थिनबाई, एक वाडगा."

"खेकडा बंद आहे तुमचा."

"खेकडा नको."

"इथे खेकड्याशिवाय आहे काय?"

"शेवया आहेत. भाजी आहे. पाणी आहे."

"मी पाणी विकू?"

"मी घेतोय ना."

थिनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या फडक्याकडे. मग चहाच्या किटलीतलं पाणी वेगळ्या भांड्यात ओतलं, त्यात एक टोमॅटो कुस्करला, मीठ टाकलं, शेवया बुडवून काढल्या, वर भाजी आणि तळलेला कांदा घातला. कांदा जरा जास्तच घातला. एवढं सगळं त्यांनी पातेल्याकडे पाठ करून केलं.

तोआनदादांनी ते शांतपणे खाल्लं. शेवया संपल्या, भाजी संपली. वाडगा उचलून तळाचं पाणी प्यायले. पैसे काढून ठेवले आणि चौघांकडे बोट केलं. "आता द्या पोरांना."

थिनबाईंनी चार वाडगे भरले. एकच मागितला होता हे बोलायची वीची छाती झाली नाही. चौघांनी चारही संपवले. दुसरा वाडगा आणतो म्हणून एक जण उठला आणि बाकीच्यांनी त्याला खाली बसवलं.

"काका, तुम्ही काय खाल्लंत ते?" वीने जाताना विचारलं. "ते नकाशात नाही. एक चमचा चाखून बघू?"

"नको, बाळ," तोआनदादा म्हणाले. "अजून नऊ ठिकाणी जायचंय तुला."

त्या दिवशी धंदा कसा झाला, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. बेताचा झाला. दुपारी पातेल्यात बरंच उरलं होतं. शाळामास्तरणीला एवढ्यावर काढून टाकलं असतं. कुणीतरी थिनबाईंना तसं म्हणालंही, तर त्या म्हणाल्या, "काही दिवस असे जातात," आणि पातेलं घेऊन घरी गेल्या. नूने शास्त्रातला मुद्दा काढला, की बाबांनी खेकडा तर खाल्लाच नाही. "खेकड्याचं मी कधी म्हणाले?" थिनबाईंनी विचारलं. "खाल्लं पाहिजे म्हणाले होते. खाल्लं त्यांनी."

आता मोठ्या पातेल्याशेजारी एक लहान भांडं असतं. त्यासाठी थिनबाई पहाटे आणखी लवकर उठतात, त्यामुळे मीही उठतो. त्या भांड्यात रोज नवी खटपट चालते. काय घालायचं नाही ते सगळं नूकडून विचारून घेतलंय. वाळलेली कोळंबी नाही, हाडांचा रस्सा नाही, खारवलेल्या मासळीचं पाणी थेंबभर. जे उरतं त्याला चव आणायची म्हणून त्यांनी कोहळा घातला, भाजलेलं आलं घातलं, एकदा अननसही घातला. मी एक दिवस चाखून पाहिलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

काल सकाळी तोआनदादा इस्त्रीच्या शर्टात बसले होते. अर्धा वाडगा झाला होता.

"कसं झालंय?" थिनबाईंनी विचारलं.

"परवापेक्षा वाईट."

"परवाचं चांगलं होतं म्हणजे."

"परवा काय खातोय ते कळत तरी होतं."

"उद्या दोडका घालून बघते."

"बघा," तोआनदादा म्हणाले. त्यांनी वाडगा तोंडाला लावला, आणि आम्ही दहा जण तो रिकामा व्हायची वाट बघत बसलो.