मळीचा डबा घेऊन बेळगावला

हे लिहायला फारच उशीर झाला, माफ करा. माझी लेक सुमन कितीदा म्हणाली, “आप्पा, तो बेळगावचा प्रवास लिहा.” मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. चुका बघून कुणी हसेल या भीतीनंच वर्षं गेली. पण त्या वाटेनं जाणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून आता लिहितो.

सन पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. सदलग्याजवळच्या एका गुऱ्हाळात मी रस उकळायच्या चुलवाणात उसाची वाळली चिपाडं सारायचो. सुमन बेळगावात अनगोळला माझ्या बहिणीकडं, आक्काकडं राहून कॉलेजात जंतूंचा अभ्यास करायची. तिचं कार्ड आलं: “गुऱ्हाळामागच्या खड्ड्यातली मळी डब्यात घालून आणा. तिच्यातले काही जंतू साबणासारखा पदार्थ तयार करतात, ते मला शोधायचेत. हंगाम संपला तर माझा प्रकल्प राहील.”

मळी म्हणजे रस उकळताना वर येणारा काळपट फेस. झाऱ्यानं काढून मागं खड्ड्यात टाकतात. ती कुजली की जवळ उभं राहवत नाही. मला धास्ती पडली. आमच्या घरातून असली घाण आलेली बघून तिचे सर काय म्हणतील? मी मळी फडक्यानं गाळली, चांगल्या दोन उकळ्या काढल्या आणि धुतलेल्या बाटलीत भरली.

सदलग्याहून निपाणी, तिथं गाडी बदलून हमरस्त्यानं बेळगाव. निपाणी स्टँडवर तंबाखूच्या वासानं शिंका येतात, रुमाल जवळ ठेवा. संकेश्वरला गाडी थांबते तेव्हा गरम भजी मिळतात. मी खाल्ली नाहीत. बाटली सोडून उतरायचा धीर झाला नाही.

अनगोळला सुमननं बाटली उजेडात धरली.

“आप्पा, एवढी स्वच्छ कशी?”

“उकळली की. गाळून.”

ती मटकन खाली बसली. “जंतू मेले की वो सगळे. एखादा चिवट उरला तर उरला.”

आक्का चुलीपुढनं म्हणाली, “पोरीनं साबण मागितला, तर ह्यानं साबणच धुऊन आणलाय!”

सुमन हसली नाही. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ बंद होणार होतं आणि मालक खड्ड्यावर माती ओढणार होता. आक्का “जेवून तरी जा रं” म्हणत राहिली, पण मी तसाच उलटा निघालो.

सकाळी खड्ड्यात उतरलो. किडे, चिपाडाची कुसं, सगळ्यासकट पत्र्याचा डबा भरला आणि झाकण सुतळीनं आवळून बांधलं. ही दुसरी चूक. संकेश्वरच्या पुढं डबा फुगून फुसफुसायला लागला. शेजारी बसलेले पाहुणे उठून दारात जाऊन उभे राहिले. कंडक्टर आला.

“काय हाय वो ह्यात, अण्णा? हातभट्टीची न्हाय न्हवं?”

“न्हाय वो. जंतू हाईत. पोरीच्या कॉलेजचं.”

“किती हाईत? तिकिटं काढलासा का त्यांची?”

सगळी गाडी हसली. कंडक्टरनंच सुतळी सोडून झाकण सैल केलं आणि म्हणाला, “आता मांडीवर धरून बसा. आडवं करू नका.” बेळगावपर्यंत धोतरावर फेस सांडत होता.

तसाच कॉलेजात गेलो. पांढऱ्या कोटातली पोरं आणि सर उभे होते. डबा पाठीमागं लपवावा असं झालं. सुमन पुढं आली, सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी डबा घेतला, आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाली, “सर, हे माझे वडील. मळी त्यांनी आणली.” सरांनी मला स्टूल दिलं. कुणी नाक दाबलं नाही.

परत जाताना कुंदा घेतला, बेळगावला गेल्यावर तो चुकवू नका. पण घरी तो कुणालाच गोड लागला नाही. कार्ड येईपर्यंत मी रोज पोस्टात जायचो, पोस्टमन मला टाळायला लागला. शेवटी आलं. तिनं ते जंतू वाढवून, त्यांचं पाणी रॉकेलमध्ये घालून हलवलं होतं. साधं पाणी लगेच वेगळं होतं. हे मात्र दुसऱ्या दिवशीही दुधासारखं एकजीव राहिलं. खाली लिहिलं होतं, “जमलं, आप्पा.”

पुढं सुमन शिकली, शिकवायला लागली. ते जंतू काय कामाला येतात हे तिनं मला पुष्कळदा सांगितलं, अर्धंच कळलं. कॉलेजात तिनं डब्यात नाक घातलं, ते मात्र अजून डोळ्यांपुढं आहे. त्या दिवसापासून लेकीकडं काही नेताना मी धुऊनपुसून नेत नाही.

तुमच्यापैकी कुणी मुलाकडं, मुलीकडं असं काही घेऊन निघालं असेल, तर मागितलंय तसंच न्या. झाकण सैल ठेवा. आणि पोचलात की लगेच मला दोन ओळी टाका. उशीर करू नका, इथं माझा जीव टांगणीला लागतो.