परंड्यातला समुद्र

समुद्र बघण्याआधी तो स्वतःच्या ओसरीवर तयार करायला घेतलेले माझे थोरले साडू हे अख्ख्या महाराष्ट्रातले एकमेव गृहस्थ असावेत. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि आता अर्धं परंडा त्यांना दाजी म्हणतं. बसस्टँडच्या अलीकडं त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. पिकावर कसलाही रोग पडू द्या, शेतकऱ्यानं खिशातून चुरगळलेलं पान काढलं की दाजी दुरूनच बघून औषध सांगतात, आणि ते बहुतेक वेळा लागू पडतं. अडचण एवढीच की माणूस आणि पीक यांत ते फारसा फरक करत नाहीत. माझ्या धाकट्याची नखं बघून त्यांनी "जस्त कमी पडलंय" असं निदान केलं होतं. एका लग्नात नवरीचे मामा मोठ्या कौतुकानं नवरदेव दाखवत होते, तर हे त्याला खालीवर न्याहाळून म्हणाले, "वाढ खुंटल्यावाणी वाटती. मुळाशी कायतरी हाय." त्यांच्या घरात चमचा हे माप नाही. फवारणीच्या औषधाला जे झाकण वापरतात तसलं एक कोरं झाकण स्वयंपाकघरात ठेवलेलं असतं आणि चहात साखर किती, याचं उत्तर झाकणात मिळतं.

दाजींना गाडी लागते. तशी ती पुष्कळांना लागते, पण दाजींना उभी असलेली गाडीही लागते. एस.टी.च्या आसनाचा वास आला की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा कार्यक्रम सगळ्या प्रवाशांना बघावा लागतो. मोटारसायकल स्वतः चालवत असले की मात्र काही होत नाही. त्यामुळं भूम, ईट, तेरखेडा, बार्शी एवढंच त्यांचं जग. स्वतःच्या लग्नात ते वऱ्हाडाच्या ट्रकमधून मध्येच उतरले आणि बाशिंगासकट चालत मांडवात पोचले. मुलीकडच्या बायकांना वाटलं, हा कुठलातरी नवस असणार. त्यांनी भक्तिभावानं पाय धुवायला परात आणली.

त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता हिनं बारावीनंतर रत्नागिरीला जाऊन मत्स्यशास्त्र शिकायचं ठरवलं, तेव्हा घरात मोठी खळबळ झाली. दाजींच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंड्याचं नावही निघत नाही. "माळकऱ्याची पोर मासोळ्या शिकाया जाणार? लोक काय म्हनतील?" दाजी म्हणाले. "अप्पा, शिकायच्यात, खायच्या न्हाईत," मुक्ता म्हणाली. त्यावर दाजी गप्प झाले, आणि ते गप्प होणं पुढं दोघांच्याही अंगवळणी पडलं. मुक्ता शिकली, तिथंच एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिचा फोन आला की दाजी "जेवलीस का?" एवढं विचारत आणि लगेच "धर, आईशी बोल" म्हणून फोन ताईंच्या हातात देत. ताई म्हणजे माझी मेव्हणी, मुक्ताची आई. रत्नागिरीला दाजी एकदाही गेले नाहीत. गाडी लागते हे कारण सगळ्यांना ठाऊक होतं, ते खरंही होतं, आणि म्हणूनच बाकीचं सगळं त्याच्याआड निभावून गेलं. अप्पांचा राग अजून गेलेला नाही, असं मुक्ता मला एकदा म्हणाली. मला फार वाईट वाटलं, कारण राग केव्हाच गेला होता. उरली होती ती स्वतःच्या वागण्याची नुसती लाज.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दाजींनी मला घरी बोलावून ओसरीवरची काचेची टाकी दाखवली. टाकी लहानच, दोन-तीन कळशा पाणी मावेल एवढी. वाळू, दगड आणि समुद्री मीठ पुण्याहून कुरिअरनं आलं होतं. मे महिन्यात मुक्ता यायच्या आत त्यात खाऱ्या पाण्यातल्या केशरी माशांची जोडी पोहायला हवी होती. "आल्या आल्या दिसंल तिला," दाजी म्हणाले. "मंग मला तोंडानं काय बोलावं लागनार न्हाय." मुक्ताला याबद्दल काही विचारायचं मात्र नव्हतं. जे काही शिकायचं ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून.

आता यातली गोम अशी की मीठ कालवून लगेच मासे सोडता येत नाहीत. पाण्यात आधी थोडी घाण करावी लागते. ती कुजून अमोनिया होतो, अमोनिया खाणारे जिवाणू हळूहळू दगडांवर आणि वाळूत वस्ती करतात आणि त्याचं शेवटी निरुपद्रवी नायट्रेट करून टाकतात. ही वस्ती बसेपर्यंत मासा सोडला तर तो मरतो. वस्ती बसली का हे बघायला एक नळी मिळते. तिच्यात टाकीतलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. हिरवं झालं तर अमोनिया आहे, पिवळं राहिलं तर संपला. सुरुवातीला घाण म्हणून एक कोळंबी टाका, असं व्हिडिओत सांगितलं होतं. ताईंनी ते ऐकलं. "कोळंबी ह्या उंबऱ्याच्या आत आली, तर मी उंबऱ्याच्या भाईर," त्या म्हणाल्या. पण दाजी हटले नाहीत; माझ्याकडं वळून म्हणाले, "कोळंबी कुजून काय व्हनार? अमोनिया. म्हंजे नत्रच की वो गुरुजी! नत्राची तर थप्पी लागलीय आपल्या दुकानात." आणि त्यांनी झाकणभर युरिया मोजून टाकीत सोडला.

नळी यथावकाश गर्द हिरवी झाली. दाजींनी ती गल्लीत सगळ्यांना दाखवली. मग पिवळी व्हायची वाट बघणं सुरू झालं आणि नळी काही पिवळी होईना. दाजींनी आधी उन्हाला दोष दिला. टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, तेव्हा ओसरीवर कुणीतरी आजारी आहे असं वाटायला लागलं. मग पाणी आटतंय म्हणून रोज खाऱ्या पाण्याची भर घालू लागले. मी मराठीचा मास्तर, मला यातलं काही कळत नाही, पण मी भीत भीत म्हणालो, "दाजी, वाफ होताना मीठ मागंच राहतं की. पाऊसही गोडाच पडतो समुद्रात." दाजी माझ्याकडं बघत राहिले. "शाळेत तुमाला चुकीचा विषय दिलाय," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून जारचं गोडं पाणी घालू लागले. तरी नळी हिरवीच. "मूळ धरंना," दाजी म्हणत आणि आणखी थोडा युरिया देत. या सगळ्यात ताई एकदा सहज म्हणाल्या होत्या, "टाकीजवळ गेलं की पाडव्याच्या दिवसावाणी वास येतोय." तो वास मलाही आला होता. दाजींना तर तो शुद्धतेचा पुरावाच वाटला.

मे महिना लागला. एका सकाळी मी दुकानात बसलो होतो. एका शेतकऱ्यानं युरियाचं पोतं घेतलं आणि विचारलं, "दाजी, ह्यो पयल्यासारखा पांढराफेक का दिसंना?" हे दाजी दिवसातून कितीतरी जणांना सांगतात. हिशेब करता करता ते म्हणाले, "कडुलिंबाचं तेल लावल्यालं असतंय. त्येनं काय व्हतं, मातीतलं जिवानू जरा दबून ऱ्हात्यात. अमोनियाचं नायट्रेट बिगीबिगी व्हत न्हाय, खत वाहून..." आणि दाजी थांबले. त्यांचा हात गल्ल्यातच राहिला. मग ते स्टुलावर बसले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "गुरुजी, दोन म्हैनं झालं, मी हातानं मारतोय त्येंला." ज्या जिवाणूंसाठी हा माणूस सकाळ-संध्याकाळ टाकीसमोर बसत होता, त्यांनाच झाकणाझाकणानं कडुलिंब पाजत होता. दाजी तडक घरी निघून गेले. शेतकऱ्याचे उरलेले पैसे मी दिले.

टाकी रिकामी केली, धुतली, पुन्हा भरली. पण मुक्ता चार दिवसांवर आली होती. पुण्याचा दुकानदार मासे पाठवायला तयार होता. "दोन दिवसांपुरते सोडू या," मी म्हणालो. दाजी माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "तिला दाखवाया जीव मारू व्हय? आन ते बी तिच्यासमोर?"

मुक्ता आली तेव्हा ओसरीवर नुसतं नितळ पाणी होतं. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवता ती टाकीसमोर उभी राहिली. दाजी बाजूला उभे राहून तोंडी परीक्षा द्यावी तसं सगळं सांगत गेले: कोळंबी, ताईंचा उंबरा, युरिया, कडुलिंब. कडुलिंबापाशी आल्यावर मुक्ता हसायला लागली. हसता हसता खाली बसली, आणि मग बघतो तर ती रडत होती. दाजींना काय करावं कळेना. ते म्हणाले, "जेवलीस का?"

संध्याकाळी तिनंच उपाय सांगितला. तिच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या टाकीतली मूठभर ओली वाळू यात घातली की जिवाणूंचं काम लवकर सुरू होईल. "पण ती जिवंत वाळू असते अप्पा. तुम्हालाच येऊन न्यावी लागंल." दाजींचा चेहरा तिथंच उतरला. "गुरुजी," ते म्हणाले, "येता का संगं?" ती वाळू मुक्ताला पुढच्या वेळी डब्यातून सहज आणता आली असती, हे तिनं मला नंतर सांगितलं. दाजींना ते आम्ही अजून सांगितलेलं नाही.

कुर्डुवाडी, कोल्हापूर, आंबा घाट. त्या प्रवासाचं वर्णन न केलेलंच बरं. माझ्याकडं पिशव्या धरायचं काम होतं आणि ते मी इमानानं केलं. येताना दाजींनी वाळूचा डबा मांडीवरून हलवला नाही. आज ओसरीवर दोन केशरी मासे आहेत आणि ताई त्यांना नमस्कारही करतात. पण मला सारखी आठवते ती रत्नागिरीतली पहिली संध्याकाळ.

मुक्ता आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेली. घाटानं पिळून काढलेले दाजी चपला हातात धरून उभे राहिले. लाटा पायाशी येऊन जात होत्या. ते पाण्याकडं न बघता मुलीकडं बघून म्हणाले, "इतकी वर्सं तू हितं ऱ्हायलीस, आन मी एकदा बी आलो न्हाय."

"अप्पा, तुम्हाला गाडी लागते," मुक्ता म्हणाली.

"लागती की," दाजी म्हणाले. "पर त्येनं मानूस मरत न्हाय."

मी तिथून हळूच निघून पाण्याच्या कडेनं चालू लागलो. मागं वळून पाहिलं तेव्हा बापलेक वाळूत बसले होते आणि दाजी हातवारे करून काहीतरी सांगत होते. इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलेलं, वेळ लागणारच होता. मी चांगला लांबवर चालत गेलो.