ताराबाईंच्या गाडीला ऑईल कुठलं?

गॅरेजात किस्से फार साचतात. कारण सोपं आहे. तापलेल्या इंजिनाला हात लावायचा नाही, गार होईपर्यंत बसून राहायचं. आता माणसं नुसती बसतील का? बोलणारच. घोडपदेवच्या आमच्या गॅरेजात मी वायरिंगची आणि बॅटरीची कामं करायचो. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीच्या वर्षांत आमच्याकडे सगळ्यात जास्त तापणारं इंजिन होतं ताराबाईंच्या पिकअपचं. त्यामुळे माझ्याकडचे निम्मे किस्से त्या गाडीचेच आहेत.

ताराबाई भायखळ्याच्या मार्केटात भाजीचा धंदा करायच्या. नवरा गेला तेव्हा मागे राहिली ती दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात घेतलेली ही पिकअप. तिच्यावरच घर चालायचं. गाडी इतकी पळालेली, की मैल मोजणारे आकडेसुद्धा कंटाळून फिरायचे थांबले होते. इंजिन ऑईल प्यायचं आणि निळा धूर सोडायचं. नवे पार्ट मिळायचे बंद झालेले. आमचा बाबल मिस्त्री मूळचा मालवणकडचा. त्यानं एकदा सांगून टाकलं, "बाय, इंजिन उघडूक माका सांगू नकात. उघडलंय तर परत बसाचा नाय. आता ह्याका जगवचा तर ऑईलावरच."

म्हणजे ऑईल चुकलं की इंजिन गेलं, आणि इंजिन गेलं की ताराबाईंचा धंदा बसला. साहजिकच कुठलं ऑईल घालायचं यावर आमच्या गल्लीत प्रत्येकाला मत होतं. ज्यांना सायकल चालवता येत नव्हती, त्यांना जरा जास्तच!

*

पिकअपचा ड्रायव्हर गणपत कांबळे वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. लढाईत त्यानं लष्कराचे ट्रक चालवले होते. स्वतःचं कौतुक स्वतः करायला तो कधी लाजला नाही, आणि लाजायचं कारणही नव्हतं. माणूस होताच तसा.

त्याचं म्हणणं, म्हाताऱ्या इंजिनाला जाड ऑईल हवं, चाळीस नंबरचं; पातळ असलं की जळून नुसता धूर होतो. मिस्त्रीचं म्हणणं, इतकं जाड ऑईल सकाळी गार इंजिनात वर चढत नाही, म्हणून तीस नंबर. एकदा मिस्त्रीच्या हट्टापायी तीस घातलं. त्याच आठवड्यात लालबागला मोर्चा निघालेला, रस्त्यात पोलीस उभे. गणपतनं भाजीची गाडी कडेनं काढली, गिअर बदलला आणि मागून असा धूर निघाला की पोलिसांची अख्खी रांग नाकाला रुमाल लावून खोकायला लागली. मोर्चातले लोक टाळ्या पिटायला लागले.

इन्स्पेक्टर लालबुंद होऊन आला. "काय घातलंयस रे गाडीत?"

गणपत शांतपणे म्हणाला, "तीस नंबर, साहेब. मी यांना चाळीस सांगत होतो."

*

चाळीस नंबर आणलं, तर थंडीत ते खरंच वर चढेना. मग गणपत रोज पहाटे शेगडी पेटवायचा, ऑईलचा डबा तिच्यावर ठेवायचा आणि कोमट करून इंजिनात ओतायचा. ताराबाई मार्केटात निघण्यासाठी डोक्यावरून पदर घेऊन उभ्या असायच्या.

एकदा त्या म्हणाल्या, "गणपत, गाडीचं झालं असेल तर त्याच शेगडीवर माझ्यासाठी घोटभर चहा ठेव."

"ठेवतो बाई," गणपत म्हणाला, "पण आधी तिचं होऊ दे. तुम्ही गार पोटी चालता, ती चालत नाही."

*

ऑईल खरेदी करणं हा ताराबाईंचा खास प्रांत. मी एकदा त्यांच्याबरोबर दुकानात गेलो होतो. त्यांनी डबे उघडायला लावले. प्रत्येकातलं थेंबभर ऑईल दोन बोटांत चोळून बघितलं, वास घेतला. दुकानदार वैतागला. "बाई, ही काय भेंडी आहे?"

"भेंडी वाईट निघाली तर एक जेवण जातं," ताराबाई म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या गाडीत कुठलं घालता?"

त्यानं एक चकचकीत डबा दाखवला.

"आणि तुमची गाडी केवढी जुनी?"

"गेल्या वर्षी घेतली."

"मग जे घालून एखादी म्हातारी गाडी टिकली असेल, ते दाखवा." दुकानदार आतल्या फळीकडे वळला.

*

पुढे बाजारात नव्या तऱ्हेचं ऑईल आलं, इंजिन आतून धुऊन काढणारं. ते विकायला एक टाय लावलेला तरुण गॅरेजात आला. बोलण्यात पटाईत. ताराबाई घ्यायच्या बेतातच होत्या. तेवढ्यात तो म्हणाला, "बाई, एकदा इंजिन चालू करा बघू."

गणपतनं इंजिन चालू केलं. त्या तरुणानं कान देऊन ऐकलं, धुराकडे पाहिलं आणि आपला डबा गुपचूप पिशवीत परत ठेवला.

"हे घेऊ नका. तुमच्या इंजिनात वर्षानुवर्षांचा मळ बसलाय. हे ऑईल तो सगळा सोडवेल, तो ऑईलच्या जाळीत जाऊन अडकेल आणि गाडी रस्त्यात बसेल. फक्त मी असं म्हणालो हे आमच्या साहेबांना कळू देऊ नका."

ताराबाईंनी त्याला कोथिंबिरीची भली मोठी जुडी दिली. टाय लावलेला तो माणूस एका हातात ऑईल आणि दुसऱ्या हातात कोथिंबीर घेऊन भायखळा स्टेशनकडे चालत गेला. असा विक्रेता मी पुन्हा पाहिला नाही.

*

गाडीचं ऑईल दसऱ्याला बदलायचं, हा ताराबाईंच्या नवऱ्यापासूनचा नेम. गणपतनं घरच्यांसोबत बौद्ध धम्म स्वीकारला, त्यानंतरच्या दसऱ्याला तो पांढरेशुभ्र कपडे घालून गॅरेजात आला. त्यांच्या चाळीत कार्यक्रम होता. तरी शब्द दिलेला म्हणून आधी ऑईल बदलायला आला होता. बाही वर करून गाडीखाली शिरणार, तोच ताराबाईंनी त्याचा दंड धरला.

"आज तुझा सण आहे. या कपड्यांना डाग लागायचा नाही."

त्यांनी कासोटा घट्ट केला, पाना घेतला आणि स्वतः गाडीखाली गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कोपरापर्यंत काळ्या झाल्या होत्या. मग हात धुऊन त्यांनी गाडीला झेंडूचा हार घातला आणि गणपत चाळीकडे गेला. दोघांचाही दसरा छान झाला.

*

आता हरताळाच्या दिवसाचं सांगतो. इंजिनातून काढलेलं जुनं ऑईल टाकायचं नाही, मिरवणुकीच्या मशालींना द्यायचं, असा त्या दिवसांत आमच्या गल्लीचा रिवाज पडला होता. आदल्या संध्याकाळी दसऱ्याची वाट न बघता ताराबाईंच्या गाडीचं ऑईल काढून दिलं. नवा डबा सकाळी आणू म्हटलं. हरताळाची पत्रकं आम्हीच वाटली होती, पण हरताळात ऑईलचं दुकानही बंद असतं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही!

दुपारी लाठीमार झाला. पळापळीत आमच्या गल्लीतल्या चाळीतला विठोबा, गिरणी कामगार, दगडी पायरीवर आपटला आणि त्याचं डोकं फुटलं. रक्त थांबेना. बस नाही, टॅक्सी नाही. पिकअप दारात, पण इंजिन कोरडं.

बाबल मिस्त्री म्हणाला, "एरंडेल चलात. रेसच्या मोटरसायकलींत घालतत."

एरंडेल घरोघरी होतं, मुलांच्या पोटासाठी ठेवलेलं. बायका बाटल्या घेऊन धावत आल्या. मुलांनी तर स्वतःच कपाटामागे दडवलेल्या बाटल्यासुद्धा काढून आणल्या. मिस्त्री ताराबाईंकडे वळला. "बाय, एक आयका. चालू हा तवसर चालतली. बंद पडली तर ह्या तेल आतल्या आत घट्ट होतला. मगे इंजिन गेला समजा."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "ओता. आणि विठोबाला आधी आत घ्या."

ताराबाई मागे विठोबाची जखम दाबून बसल्या, मी गणपतशेजारी. हॉस्पिटलच्या फाटकावर लाठी घेतलेला हवालदार आडवा आला. "गाडी बंद कर."

"बंद केली तर मरेल, हवालदारसाहेब," गणपत म्हणाला. "ऑईल नाही, एरंडेलावर आणलीय. ॲक्सिलरेटरवरचा पायसुद्धा काढता येत नाही."

विठोबाला उचलायला दोघं हवे होते. ताराबाईंना जखमेवरचा हात काढता येत नव्हता. हवालदारानं मागे वाकून पाहिलं. मग लाठी भिंतीला टेकवली, गणपतला बाजूला सारलं आणि स्वतः आत बसून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला.

विठोबाला डॉक्टरांच्या हवाली करून आम्ही गाडीकडे परत आलो. इंजिन चालू होतं. हवालदार टोपी मांडीवर ठेवून तसाच बसला होता.

"मागे पोलीस लाइन आहे," तो गणपतला म्हणाला. "बायकोला निरोप धाडलाय. एरंडेलाच्या बाटल्या येतायत."