धक्क्यावर जहाजाचा धूर थांबला तेव्हा

मी फिरायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मी लेकीला परत आणायला गेले होते.

गौरी मुंबईपलीकडच्या एका बंदरात विजेची इंजिनियर आहे. (बंदराचं नाव ब्लॉगवर लिहायचं नाही, असं तिने बजावलंय.) अकोल्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. अमरावतीहून अकोला म्हणजे एसटीने दोन-अडीच तास. दर शनिवारी पोरगी घरी आली असती. हे गेल्यापासून घरात मी एकटीच आहे. फोनवर सांगून पाहिलं, तर तिचं एकच उत्तर, "बघते." शेवटी शुक्रवारचं तिकीट काढलं.

अमरावतीहून संध्याकाळी सुटणारी मुंबईची गाडी सगळ्यात सोयीची. माझ्या वयाच्या बायकांनी खालच्या बर्थसाठी बरंच आधी बुकिंग करावं. मला वरचा मिळाला होता. समोरच्या गृहस्थांना विनवून खाली आले.

अकोल्याला माझी धाकटी बहीण सुमा फलाटावर कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा घेऊन उभी होती.

"ताई, सांभारवड्या अन् ठेचा आहे. ठेचा पोरीले दे. तू नको खाऊ, तुले ॲसिडिटी होते."

"बरं."

"अन् घेऊनच ये तिले. मी खोली झाडून ठेवली. जहाजाले वीज देते म्हणे! आमच्या गल्लीत घंटा घंटा लाइन नाही राहत, अन् हे जहाजाले देऊन राहिली!" गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चालत आली. "काहून असा चेहरा केला? पोरीकडे चालली तू, कोर्टाच्या तारखेले नाही!"

झोप लागली नाही. कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या सिस्टर आम्हाला नकाशात बंदरांवर लाल टिंबं द्यायला लावत. आम्हा वऱ्हाडातल्या मुलींसाठी समुद्र म्हणजे नकाशाची निळी कड. पेन्सिल लवकर संपू नये म्हणून मी हात राखून रंगवायची, त्यामुळे माझा समुद्र नेहमी फिकट असायचा. त्याच कडेवर माझी मुलगी जाऊन राहील, असं तेव्हा कोणाच्या मनात येणार?

कल्याणला उतरले. तिथून टॅक्सीवाले दोन हजारांच्या खाली बोलत नाहीत. मला गौरी गाडी घेऊन न्यायला आली होती. वाळली होती. मीच हट्ट करून तिला पनवेलच्या वाटेवर मिसळ खायला थांबवलं. नोकरीचा विषय काढणार, तोच तिचा फोन वाजला. तिच्या हाताखालचे म्हात्रे इतक्या मोठ्याने बोलत होते की मलाही ऐकू आलं.

"मॅडम, जहाज सकाळीच लागलंय. पॅनेलवर तुमचं कुलूप आहे."

गौरी ताडकन उठली. विजेच्या पॅनेलवर काम करणारा माणूस बटणाला स्वतःच्या नावाचं कुलूप लावतो आणि चावी फक्त त्याच्याच खिशात राहते. त्याचा हात आत असताना दुसऱ्या कोणी वीज सुरू करू नये, म्हणून. जहाज दुपारी येणार होतं. तोवर परत येऊन उरलेली तपासणी करू, या हिशोबाने गौरी कुलूप तसंच ठेवून मला घ्यायला आली होती.

"दुसरी चावी असेल की!"

"नसते, आई."

"मग फोडा म्हणावं."

"फोडायला सगळ्या साहेबांच्या सह्या लागतात. तोवर आपण पोचू. ऊठ."

अर्धी मिसळ तशीच टाकून निघालो. रस्ताभर कंटेनरचे ट्रेलर. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा तिचा फोन वाजला.

मला घरी सोडायला वेळ नव्हता. फाटकावर आधार कार्ड आणि फोटो देऊन तासाभराचा पास मिळाला. (ओळखीशिवाय मिळत नाही, उगाच जाऊ नका.) माझ्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना. म्हात्रे संकोचून म्हणाले, "काकू, अंबाडा सोडावा लागेल, नाहीतर आत घेणार नाहीत." परक्या पुरुषांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा केस मोकळे सोडले, तेही बंदरात!

जहाज एखाद्या लांबलचक इमारतीसारखं उभं होतं आणि धुराड्यातून काळा धूर निघत होता. जहाज उभं असलं तरी दिवे, स्वयंपाकघर, थंड कंटेनर यांना वीज लागते, म्हणून ते आपलं इंजिन पेटतं ठेवतं. धक्क्यावरून वीज मिळाली की ते बंद करता येतं. मला काचेच्या खोलीत बसवून गौरी धावली. आधी राहिलेली तपासणी पुरी केली, मग कुलूप काढलं. जहाजावरून मनगटापेक्षा जाड केबली खाली आल्या आणि माणसांनी धक्क्यातल्या खड्ड्यात जोडल्या. गौरी वॉकीटॉकीवर बोलत होती, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. तो आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. तिने "थांबा" म्हटलं की सगळे थांबत होते.

मग एक घरघर बंद पडली. ती चालू होती, हेही मला ती थांबल्यावर कळलं. धूर विरळ झाला, मग राहिलाच नाही. धुराड्यामागे हिरवा डोंगर दिसला. सगळे वर बघत होते. गौरी मीटरकडे बघत होती.

संध्याकाळी तिच्या घरी ठेचा-भाकरी खाताना ती म्हणाली, "मी अकोल्याला हो कळवते. तू एकटी किती दिवस राहशील?"

याचसाठी मी आले होते. "काम काय असेल तिथे?"

"बिलं तपासायची. टेबलावर."

"मग नको."

चिडली की गौरी वऱ्हाडीवर येते. "मले न्याले आली होती ना तू? अन् आता नको म्हणून राहिली! तुले नेमकं काय पायजे, आई?"

"मला तू पाहिजेस. पण अशी नको."

रविवारी आम्ही समुद्रावर गेलो, भेळ खाल्ली, त्या विषयावर बोललो नाही. रात्रीच्या गाडीने मी परत निघाले. सोमवारी पहाटे अकोल्याला सुमा खिडकीशी आली, माझ्यामागे डोकावली. "पोरगी कुठं आहे?"

"ड्यूटीवर."

तिने गरम चहाचा थर्मास हातात दिला.

घरी पोचले, खिडक्या उघडल्या, तोच गौरीचा मेसेज आला. तिने अकोल्याला नकार कळवला होता. मी लगेच लिहिलं, "बरं केलंस."

ते पाठवायला मला संध्याकाळ झाली.