सशांच्या जोडीतला नवरा

सशाचे केस जाऊ लागले तेव्हा आमच्या घरात माझेही केस जात होते. सासूबाईंनी दोन्हींवर एकच औषध काढलं, करंजाचं तेल. माझ्या डोक्याला त्याने काडीचा फरक पडला नाही. वास मात्र असा सुटला की आमचे हे आठवडाभर भिंतीकडे तोंड करून झोपले. सशाने ते तेल चाटून साफ केलं आणि त्याला हगवण लागली. रोगापेक्षा इलाज भारी, असं मी पुटपुटले. सासूबाईंना ते ऐकू गेलं, आणि त्यांनी मला आणखी एक वाटी तेल दिलं.

लढाईचे दिवस होते. शहापुरात आमचा गवताचा धंदा होता. डोंगरउतारावरचं गवत कापून आणायचं, स्टेशनाजवळच्या वखारीत गंजी रचायच्या, मग दाबून गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना धाडायच्या. घरात सासरे, सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, आम्ही दोघं आणि माझं तान्हं पोर. दीर घरात होते हे आपलं म्हणायचं. ते जेवायला येत. जेवण झालं की वळकटी काखेत मारून वखारीवर झोपायला जात, कारण वाळल्या गवताला एक विडी पुरते आणि रात्री कुणीतरी तिथं हवंच. गडी ठेवता आला असता, पण हे राखणीचं काम लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी आपण होऊन मागून घेतलं होतं. असा कष्टाळू मुलगा पंचक्रोशीत नाही, असं सासूबाई सांगत.

ससे आले ते एका जंगलसाहेबाच्या बंगल्यावरून. साहेब बदलून गेला, ससे मागे राहिले. बंगल्यावरच्या स्वयंपाक्याने ते आमच्या ओटीवर आणून ठेवले आणि म्हणाला, "जोडी आहे, सांभाळा." पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. आमच्याकडे ससा म्हणजे रानातला, तपकिरी, आणि तोही बहुधा रश्श्यातला. त्यामुळे जो बघायला येई तो आधी कौतुक करी आणि मग मटण किती पडेल ते विचारी. जाऊबाईंनी चहाच्या मोठ्या खोक्याला जाळी मारून त्यांना घर केलं आणि विचारणाऱ्यांना पाणीसुद्धा देईनाशा झाल्या.

जोडी म्हटल्यावर एक नवरा आणि एक बायको असणार, यात कुणाला शंका नव्हती. मोठा ससा तो नवरा, लहान ती बायको. कुणी उचलून पाहिलं नाही. पाहणार तरी कोण? लग्न लागलेल्या जोडप्याची अशी चौकशी करायची पद्धत नव्हती.

तर केस गेले ते नवऱ्याचे. गळ्याखाली आणि छातीवर एवढाली जागा उघडी पडली, आतली गुलाबी कातडी दिसू लागली. खोक्यात केसांचे पुंजके. जाऊबाई ते झाडून काढत, दुसऱ्या दिवशी आणखी पुंजके. करंज झालं, कडुलिंबाचा पाला झाला, गंधक झालं. सासऱ्यांनी दोन दिवस लांबून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला.

"खरूज हाय ती. घरात तान्हं पोर हाय. उंबरमाळीला गाडी जाईल तवा घाला गाडीत, न द्या रानात सोडून."

उंबरमाळीच्या रानात पांढरा ससा सोडायचा म्हणजे कोल्ह्याला पान वाढून बोलावणं धाडायचं. सासऱ्यांना ते कळत होतं. ते वाईट नव्हते, पण एकदा बोललेलं मागे घेत नसत, आणि घरातल्या सगळ्या गोष्टींचा हिशेब एकाच मापाने करत. उपयोगाचं नाही ते घरात कशाला, एवढंच ते माप.

जाऊबाईंचा चेहरा उतरला तो केवळ सशापायी नव्हे. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. सासूबाईंच्या माहेरची, मुरबाडकडची एक भाची लग्नाची होती. ती दिरांना दुसरी करून आणायची असं घरात घोळत होतं. बोलणी झाली नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती. जाऊबाईंना घालवणार नव्हते. त्यांनी राहावं, राबावं, आणि येणारीचं बाळंतपण करावं, असा बेत होता. मला त्याची चीड येई, पण माझ्या मांडीवर मुलगा होता. मांडीवर मुलगा असणाऱ्या बाईने अशा वेळी तोंड उघडलं की ते ऐकणारीला जास्तच लागतं, म्हणून मी गप्प राही. शेवटी त्यांना मूल झालं का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना इथेच सांगते, नाही झालं. आता पुढचं ऐका.

जाऊबाई शेणव्याच्या. माहेरी शेळ्यांत वाढलेल्या. त्यांनी सशाला मांडीवर घेऊन बोटांनी केस फाकवून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "खरूज नाय गो ही. खपली कुठाय?"

त्यांचं बरोबर होतं. पुढे मी स्वतः बरेच ससे पाळले, तेव्हा जरा अधिकाराने सांगते. सशाचे केस गेले की आधी ते कुठून गेले ते बघावं. कानाच्या कडेला, नाकावर, पंज्यांवर पांढरी खपली धरली असेल आणि जनावर सारखं खाजवत असेल, तर ती खरूज. मग त्याला वेगळं ठेवावं, खोकं उन्हात तापवावं, आणि हाताळल्यावर आपले हात धुवावेत. सगळ्या अंगाचे केस थोडे थोडे झडत असतील आणि खालून नवे दिसत असतील, तर ससा ऋतूप्रमाणे केस बदलतो आहे. हाताने विंचरून मोकळे केस काढून टाकावेत, नाहीतर चाटताना ते त्याच्या पोटात जातात. नुसत्या भाजीच्या देठांवर ठेवलेला ससा चघळायला काही नाही म्हणून केस खातो. त्याला रोज भरपूर वाळलं गवत द्यावं. आम्ही गवताचे व्यापारी, पण आमचे ससे कोबीच्या पानांवर होते, कारण गवत विकायचं असतं. आणि तेल कुठल्याही सशाला कधीही लावू नये.

पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा घर चालत होतं ते सासूबाईंच्या डोक्याने, आणि त्या डोक्यात माझ्या केसांवरून एक विचार आला. पोर हसायला लागलं की आईचे केस जातात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझं पोर नुकतंच हसू लागलं होतं, आणि माझ्या फणीत केसांचे गुंतवळ निघत होते. एका सकाळी सासूबाई माझी फणी हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या, मग खोक्याकडे पाहून म्हणाल्या,

"अगो, ही व्याली हाय!"

"नवरा?" मी विचारलं.

"तो नवरा नाय, तीच बायको," सासूबाई म्हणाल्या, आणि इतके दिवस चाललेला संसार त्यांनी एका वाक्यात उलटा केला. "केस गेलं म्हंजे पिल्लं हसाय लागली. पन पिल्लं कुठं हायेत?"

हा प्रश्न रास्त होता. हसण्याइतकी मोठी पिल्लं घरात आहेत आणि कुणाला दिसली नाहीत, म्हणजे ती कुठेतरी लपवलेली असणार. मग शोध सुरू झाला. भाताच्या कणगीमागे, चुलीच्या लाकडांत, माझ्या बाळंतिणीच्या बाजेखाली. आमच्या ह्यांना माळ्यावर चढवलं. सासरे ओटीवर बसून, आपला याच्याशी संबंध नाही असं दाखवत, मधून मधून "पाटीखाली बघितलं का?" असं विचारत. पिल्लू एकही सापडलं नाही. तेव्हा मांजराने खाल्ली असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसं त्या मांजराला झाडूने बदडून घराबाहेर काढलं. ते शेजाऱ्यांचं मांजर होतं. शेजारीण चार दिवस बोलत नव्हती.

छातीवर केस पुन्हा आले. सासरे उंबरमाळीचं बोलायचे थांबले होते, विसरले मात्र नव्हते. आणि मग थोड्या दिवसांनी सशिणीने पुन्हा तेच आरंभलं. यावेळी जाऊबाईंनी केस झाडले नाहीत. वखारीतून आलेल्या दोरीला चिकटलेल्या गवताची मूठभर काडी त्यांनी खोक्यात टाकली आणि आम्ही दोघी बघत बसलो. सशिणीने ती काडी तोंडात आडवी धरली, इतकी की मिशा फुटल्यासारखी दिसू लागली, आणि कोपऱ्यात नेऊन रचली. मग मान खाली घालून आपल्याच छातीचे केस दातांनी उपटले आणि त्या काडीवर पसरले. पुन्हा उपटले, पुन्हा पसरले. दुखत असणार, पण ती थांबली नाही. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला.

"घर करते ती," त्या म्हणाल्या. "आन मी रोज झाडून टाकत होते."

बातमी ओटीवर गेली. सासऱ्यांनी थोडा विचार केला. गाभण जनावराला दाराबाहेर काढत नाहीत, हा त्यांच्या बापाचा नियम होता, आणि त्या नियमापुढे खरूज टिकली नाही. "विऊ दे," ते म्हणाले. "मग बघू." सासूबाईंनी माझ्यासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवातला एक सशिणीपुढे ठेवला. तिने हुंगला आणि पाठ फिरवली. तो मी खाल्ला.

आम्ही वाट पाहिली. सशीण त्या मऊ घरट्याशेजारी बसून राही. जाऊबाई सकाळी उठल्या उठल्या खोक्यापाशी जात आणि तशाच चुलीकडे येत. घरटं रिकामंच राहिलं. मग एक दिवस सशिणीने स्वतःच ते विस्कटलं आणि कोबीचं पान खायला बसली. घरातल्या कुणी त्या दिवशी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र म्हटलं.

संध्याकाळचं जेवण चाललं होतं. सासरे, दीर आणि आमचे हे पाटांवर बसले होते. जाऊबाई भात वाढत होत्या, मी वालाचं बिरडं. सासूबाई भिंतीला टेकून पोराला खेळवत होत्या. उंबरमाळीची गाडी सकाळी जाणार होती. सासऱ्यांनी विचारलं, "त्या सशाचं काय झालं?"

"कशाचं काय," सासूबाई म्हणाल्या. "वांझ हाय ती. उगाच नखरं."

"मग वांझ जनावर कोन पोसतो? सकाळी द्या गाडीत."

जाऊबाईंच्या हातात भाताचं पातेलं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. सासऱ्यांसमोर त्या कधी बोलत नसत. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगत. त्या दिवशी भिंतीकडे वळल्या नाहीत.

"ती वांझ नाय, मामंजी," त्या म्हणाल्या. "मी दोघांना उलटं करून बघितलं. जोडी नाय ती. दोघी माद्याच हायेत. तिच्यात काय खोट नाय. ती आपलं समदं करते. घर करते, अंगावरचे केस उपटून हांतरते. नरच नाय घरात, त्याला ती काय करंल?"

आमच्या ह्यांना ठसका लागला. दिरांचा हात भातातच राहिला. जाऊबाई सशिणीबद्दलच बोलत होत्या. आपण दुसरं काही बोललो असं त्यांनी जन्मभर कबूल केलं नाही. पण दिरांची वळकटी रोजच्यासारखी दाराशी टेकवून ठेवलेली होती, आणि पंगतीतला प्रत्येक जण तिच्याकडे न बघण्याची शिकस्त करत होता. मला भीती वाटली. खरं सांगायचं तर भीतीहून जास्त आनंद झाला, इतका की बिरडं पानात पडायच्या ऐवजी पाटावर पडलं.

सासऱ्यांनी जेवण संपवलं. भाताचं एक शीतही पानात ठेवलं नाही. उठले, हात धुतले, टोपी घातली, खुंटीवरचं कांबळं खांद्यावर टाकलं. मग दाराशी जाऊन दिरांची वळकटी उचलली.

"आजपासनं वखारीवर मी निजतो," ते म्हणाले.

"तुमी?" सासूबाई पोराला घेऊन उठल्याच. "या वयात? थंडीचं?"

"मला काय? माझी झाली पोरं." ते उंबऱ्याबाहेर गेले आणि अंगणातून, कुणाकडेही न बघता म्हणाले, "न मुरबाडला कळव, आमच्याकडं जागा नाय."

त्यांचा कंदील रस्त्याला लागला. दीर पाटावर बसून होते. जाऊबाईंनी पातेलं पुन्हा उचललं, त्यांच्यापुढे वाकल्या आणि विचारलं, "भात वाढू?"

"वाढ," दीर म्हणाले.