चढावरची बिनआवाजाची गाडी

धुकं इतकं दाट होतं की दारातल्या नळापासून मोटारसायकलपर्यंतची चार पावलंही चाचपत टाकावी लागत होती. बाईंनी चार्जरची वायर काढून गुंडाळली, सीटवरचं दव फडक्याने पुसलं आणि पुढच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून पाहिली.

"आज तरी त्या मेल्याचा काय तो निकाल लाव," आतून सासू ओरडली. "रोज तुझं तेच तोंड बघायचा कंटाळा आला."

"काय करू? ओलांडून गेले तरी त्याला कळत नाही. गाडीला आवाजच नाही."

"मग मांजर पाळायचं होतंस!"

जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये बाई चौदा वर्षं वाइंडिंगच्या, म्हणजे तारेचे वेढे भरायच्या, टेबलावर होत्या. त्यांनी भरलेली कॉइल परत आली असं कधी झालं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी टाकीत टिपूस नसताना फोरमनने पंप चालू करून तसाच पळवला. पंपाची, बाईंनी भरलेली मोटार जळली. मालक आले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाईंचं वाइंडिंग कच्चं." चारजण तिथे उभे होते, चौघांनी मूग गिळले. बाईंना टेबलावरून उठवून मागच्या शेडमध्ये जळक्या तारा उपटायला बसवलं. नखांतली काजळी साबणाने निघेना. बाई रडल्या नाहीत. त्यांनी डूख धरला.

त्याच फोरमनने पुढे आपली मोटारसायकल ऑइलशिवाय दामटून इंजिन जाम केलं आणि ती भंगारात घातली. बाई दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याच्या दारात हजर.

"इंजिन मेलंय हं, बाई."

"मला सांगाडाच हवाय."

इंजिन काढलं, त्याच्या जागी बॅटरीची पेटी बसवली. मागच्या चाकात बसणारी मोटार त्यांनी मुद्दाम जळकी घेतली आणि स्वतः भरली. सासू खुर्ची टाकून वेढे मोजत होती. पहिल्याच दिवशी रागाच्या भरात बाईंनी दोन तारा उलटसुलट जोडल्या. गाडी मागे धावली ती थेट सासूच्या खुर्चीवर. "त्याच्याच घरची आहे," सासू पाय वर घेत म्हणाली, "सुधारायला वेळ लागेल." मग आरटीओ कार्यालयात खेटे घालून कागदही रीतसर करून घेतले.

बेत साधा होता. वर्कशॉपच्या चढावर, सगळ्यांदेखत, त्याच्याच गाडीवरून त्याला मागे टाकायचं. बाईंनी तीनदा टाकलं. पण त्याच्या नव्या गाडीची फटफट एवढी, की शेजारून कोण गेलं याचा त्याला पत्ताच लागला नाही. बाकीचे तर मान खाली घालून चालत होते. बाईंचा नुसता जळफळाट झाला.

आज चढाच्या पायथ्याशी धुक्यातून कुणीतरी हात केला. फोरमन होता. नवी गाडी शेजारी गार पडलेली.

"बाई, तुम्ही? आणि ही... ही माझी गाडी?"

"होती. नव्या गाडीत तरी ऑइल घातलं होतंत का?"

त्याने घड्याळ पाहिलं. "मालक आठला येणारेत. वरपर्यंत सोडता?"

त्याला तिथेच कुडकुडत ठेवावं असं बाईंच्या मनात आलं होतं. पण वरून बोलणं ऐकू आलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. या चढावर लोक रोज काय बोलतात ते बिनआवाजाच्या गाडीवरून त्यांनी कितीदा ऐकलं होतं. फटफट आली की सगळे चिडीचूप.

"बसा. बोलू मात्र नका. धुक्यात मला कानांनी गाडी चालवावी लागते."

मुंगीच्या पावलांनी गाडी चढू लागली. पुढे तीन सावल्या चालल्या होत्या.

"अजून फटफट नाही," लेथवाला म्हणाला. "चांगला दिवस दिसतोय."

"येईलच थोबाड वाकडं करून," पॅकिंगवाली म्हणाली. "वर्कशॉप जसं काही सासऱ्याने आंदण दिलंय."

मागे फोरमनने घसा खाकरायला सुरुवात केली. बाईंनी कोपर असं मारलं की खाकरणं पोटातच राहिलं.

"पंप स्वतः कोरडा पळवला आणि बाईंवर ढकलला," हा आवाज वॉर्निशवाल्या काकांचा. "मी तिथेच होतो की."

"मग मालकांपुढे वाचा का बसली?" पॅकिंगवालीने विचारलं.

"शेपूट घातलं, झालं. आजही घास गोड लागत नाही."

बाईंनी काकांच्या शेजारी ब्रेक दाबला. "काका, आज बोलाल?"

काका वळले. आधी बाई दिसल्या, मग मागचा. त्यांनी हातातला डबा काखेत मारला. मग काका म्हणाले, "याने ऐकलंच आहे. आता झाकायचं काय? बोलतो."

आठ वाजता मालकांच्या केबिनमध्ये काकांनी तोंड उघडायच्या आत फोरमननेच पंप आपण कोरडा पळवल्याचं कबूल केलं, नजर जमिनीवर ठेवून. मालकांनी बाईंना टेबलावर परत बसायला सांगितलं.

दारात फोरमन पुटपुटला, "झालं समाधान?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि मालकांकडे वळल्या. "साहेब, मागच्या शेडमध्ये मोठी मोटार अर्धी सोललेली आहे. तिच्या तारा आता कोण उपटणार?"

मालकांनी फोरमनकडे पाहिलं.

दहाच्या सुमारास मागच्या शेडमधून छिन्नीचे घाव ऐकू येऊ लागले. मधेच एक घाव चुकला आणि कुणीतरी बोट झटकत शिवी दिली. बाई गालात हसल्या. त्यांनी मोटारीच्या खाचांत कागद सारला, तांब्याच्या तारेचं टोक दातांनी सरळ केलं आणि पहिला वेढा घातला. एक. दोन. तीन.