लाल चिंध्यांची वाट

सायकलच्या तिन्ही वाटा मी आखल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण आता तसं कुणी म्हणत नाही.

डहाणू आणि बोर्डीच्या मधे आमची चिकूची वाडी आहे. वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या आहेत. पूर्वी येणारी माणसं समुद्रावर फिरायची, पोटभर मासे खायची आणि चिकू घेऊन परत जायची. मग जाड टायरच्या सायकली घेऊन येणारे सुरू झाले. त्यांना समुद्राचं फारसं काही नव्हतं. "काकू, इथे ट्रेल आहे का?" असं विचारायचे. ट्रेल नव्हता, पण वाटा होत्या, आणि माझा जन्म याच भागातला असल्यामुळे त्या मला माहीत होत्या. एक हिवाळा फिरून मी त्यातल्या तीन निवडल्या.

सोपी वाट वाडीतून सुरूच्या बनात शिरते आणि ओहोटीच्या घट्ट वाळूवरून जाते. ती लहान मुलंसुद्धा करतात. भरती कधी आहे तेवढं आदल्या दिवशी मला विचारायचं. मधली वाट रेल्वेच्या पलीकडे गावांमधून जाते आणि पुढे कालव्याच्या पाळीवर चढते. चढ बेताचा आहे, पण पाळ अरुंद, एका बाजूला पाणी. समोरून म्हशी आल्या की उतरावंच लागतं, त्या काही बाजूला होत नाहीत. अवघड वाट हायवे ओलांडून तलासरीकडच्या डोंगरात. गवत कापणाऱ्या बायका डोक्यावर भारे घेऊन उतरतात ती ही पायवाट. आधी चढ, मग माळ, माळावर एकापाठोपाठ एक तीन फाटे, आणि शेवटी उतार. उतारावर दगड, मुळं, सुटी माती आणि दोन आडवी वळणं. चढाच्या पायथ्यापर्यंत सायकली टेम्पोतून न्यायच्या.

खुणेसाठी जुन्या साड्या फाडल्या. सोप्या वाटेला पांढऱ्या चिंध्या, मधलीला पिवळ्या, अवघडला लाल. डोळ्यांच्या उंचीवर, झाडाच्या फांदीला, लांबून दिसतील अशा. वाडीच्या फाटकाशी बोर्डही मीच रंगवला.

मधल्या वाटेपर्यंत मी सायकलवर आरामात असते. डोंगरावर मात्र उताराच्या तोंडाशी थांबून पाहुण्यांना म्हणायची, "आता तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते," आणि सायकल हातात धरून चालत उतरायची. वय एक्कावन्न, डावा गुडघा कुरकुरतो. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, धाकटी जाऊ येईपर्यंत.

माझा दीर नाशिकची नोकरी सोडून वाडीत परतला, तेव्हा ती आली. वय त्रेचाळीस. चाळिशीत सायकल शिकलेली बाई. आल्यावर महिनाभर किनाऱ्यावर फिरली, मग कालव्यावर, मग एका सकाळी माझ्याबरोबर डोंगरावर आली. उताराच्या तोंडाशी मी थांबले. ती थांबली नाही. पेडलवर उभी राहिली, अंग मागे टाकलं आणि दोन्ही वळणं घेऊन खाली गेली. मी पोचेपर्यंत तिनं हेल्मेट काढून केस पुन्हा बांधले होते.

"ताई, काय वाट काढलीत!" ती म्हणाली.

तिनं मनापासून म्हटलं होतं, हे मला कळलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर पाहुणे तिला विचारू लागले. त्यांच्या फोटोंत ती असायची आणि मी पोह्यांच्या पातेल्यापाशी. तिनं कधी मला मागे ढकललं असतं तर सोयीचं झालं असतं, भांडता आलं असतं. ती पातेली घासायलाही यायची.

"तिचा तोल बघितलास?" नवरा एकदा म्हणाला.

"तू कुठे बघितलास?"

"बोर्डीच्या रस्त्यावर. चालत्या सायकलवर एका हातानं पाणी पीत होती."

"पाणी मी पण पिते."

"थांबून," तो म्हणाला.

मला मत्सर वाटत होता. दुसरा एखादा बरा शब्द मी शोधला, मिळाला नाही.

फेब्रुवारीत पुण्याच्या आठजणांचा फोन आला. तयारीची माणसं. त्यांना फक्त अवघड वाट हवी होती आणि पुढे 'त्या फोटोतल्या मॅडम' हव्या होत्या. जेवताना नवऱ्यानं हे सगळ्यांसमोर सांगितलं.

"वाट माझी आहे. पुढे मी जाणार," मी म्हटलं.

"जा ना ताई, तुम्हीच जा," जाऊ लगेच म्हणाली. "मी शेवटी राहते."

"आणि उताराशी काय?" नवरा म्हणाला. "मागून येते म्हणणार? हे लोक पुढच्याचं चाक बघून उतरतात. पुढे कुणी चालत असेल तर ते काय बघतील, चपला?"

दीर हसला. जाऊ हसली नाही, ताटाकडे बघत राहिली. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिनं जायचं असं ठरलं.

मोहिमेआधी वाट तपासून येणं हे काम माझंच होतं. रविवारी लोक यायचे होते, शुक्रवारी सकाळी मी स्कूटर घेऊन गेले. माळावर चढले तर एकही चिंधी दिसेना. चिंध्याच काय, झाडंही ओळखू येईनात. ऐनाची झाडं बुंध्यापासून छाटून फक्त शेंड्याला झुपका ठेवलेला. फाटा कुठला ते कळायला मलाच दोनदा मागे जावं लागलं.

खाली पाड्यावर आमच्याकडे हंगामात चिकू तोडायला येणारी बाई राहते. तिला गाठलं.

"माझ्या चिंध्या कोणी काढल्या गं?"

"काढल्या नांय, बाय. फांद्या तोडल्या, त्यांच्याबरोबर गेल्या. ती बघ."

तिच्या शेतात फांद्यांचे ढीग वाळत पडले होते आणि त्यांतून माझ्या लाल चिंध्या फडफडत होत्या. भाताची रोपं जिथे करायची ती जमीन उन्हाळ्यात भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी हिवाळ्यात झाडं छाटतात, फांद्या वाळवतात, शेतात पसरतात आणि पेटवतात. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. माझ्या वडलांच्या शेतातही राब भाजायचे. आणि मी खुणा बांधल्या त्या फांद्यांनाच.

"तुला म्हाईत नव्हतं का?" तिनं विचारलं.

"माहीत होतं."

"मग दगडावर खूण करायची. दगड कोण जाळतो?" असं म्हणून ती इतकी हसली की तिची सून बाहेर आली.

स्कूटरच्या डिकीत आणखी एक फाडलेली लाल साडी होती. तासाभराचं काम. ती घेऊन वर गेले, तिसऱ्या फाट्याशी उभी राहिले. तिथे उजवीकडे उतार आहे आणि डावीकडची वाट बंद पडलेल्या खडीच्या खाणीच्या काठाशी संपते. काठाला कुंपण नाही. दोन्ही वाटा सुरुवातीला अगदी सारख्या दिसतात. जाऊ तिथून चार वेळा गेली होती, दरवेळी चिंध्या बघत.

साडी तशीच परत डिकीत ठेवून मी घरी आले.

"वाट ठीक आहे ना, ताई?" जाऊ वाल सोलत होती.

"ठीक आहे," मी म्हटलं आणि तिच्याबरोबर वाल सोलायला बसले.

ती पडावी असं मला वाटत नव्हतं. ती चुकावी, आठ माणसांसमोर सायकल धरून इकडेतिकडे बघत उभी राहावी, आणि कुणीतरी म्हणावं, त्या काकू असत्या तर. एवढंच हवं होतं. खाण माझ्या लक्षात नव्हती असं नाही. तिचा विचार करायचा नाही असं ठरवून दोन दिवस काढले.

रविवारी टेम्पो सहाला निघाला. मी पोह्यांना कांदा चिरायला घेतला. अर्ध्या कांद्यावर सुरी ठेवली, स्कूटर काढली. नवऱ्यानं विचारलं, कुठे, तोवर मी फाटकाबाहेर पडले होते. हायवेवर ट्रकांच्या मधून इतक्या वेगानं मी त्याआधी कधी गेले नव्हते. पाड्यावरून तिसऱ्या फाट्यापर्यंत जवळची चढण आहे, ती गुडघा धरून चढले.

आठही जण फाट्याशी सायकली आडव्या टाकून पाणी पीत बसले होते. जाऊ नव्हती.

"मॅडम पुढे बघायला गेल्यात," एकानं डावीकडे बोट दाखवलं. "म्हणाल्या, माहीत नाही तिथे आधी चालून बघायचं."

मी डावीकडे पळाले. पन्नास पावलांवर ती समोरून येताना दिसली. चालत.

"पुढे खाण आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही कशा इथे?"

"चिंध्या नाहीत ते सांगायला."

"ते मला कळलं. खालच्या शेतात सगळ्या दिसल्या. तिथल्या बाईला विचारलं, तिनं राबाचं सांगितलं. म्हणाली, तुझी जाऊ परवा येऊन बघून गेली."

मी वाकून गुडघा धरला.

"ताई, तुम्ही ठीक आहे म्हणालात. माझ्याशेजारी बसून."

"हो."

"का?"

"तू चुकावीस म्हणून."

"खाणीत?"

"नाही! फक्त चुकावीस. त्यांच्यासमोर."

तिचा चेहरा लाल झाला. "माझ्यामागे आठ माणसं होती," ती म्हणाली. "माझं सोडा. ती कुणाच्या घरची होती?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पुढं जायचं होतं तर त्या दिवशी मी सरळ म्हटलं होतं, जा. तुम्हाला ते नको होतं. मी नको होते तुम्हाला."

हे खरं होतं. मी मान हलवली. माफी मागितली का? मागितली, दुपारी, ओट्याशी. ती ऐकून घेतली तिनं, पण "असू द्या" म्हणाली नाही.

फाट्यावर परतल्यावर तिनं त्यांना काही सांगितलं नाही. "ताईंनी आखलीय ही वाट, उजवीकडे वळायचं म्हणतायत," एवढंच म्हणाली आणि निघाली. तिच्यामागे आठ सायकली एकामागून एक खाली गेल्या. दगडावर चाक आदळल्याचे आवाज येत होते. मी वरून बघितलं की दुसऱ्या वळणावर तिनं ब्रेक लावलाच नाही. जीव भांड्यात पडला तरी मत्सर जागचा हलला नव्हता. हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली. "यापुढे डोंगराची वाट मी तपासून येईन," म्हणाली. "तुम्ही नको." नवरा आणि दीर तिथेच होते, कुणी कारण विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. चुन्याची बादली आणि ब्रश तिनं स्वतः शोधून घेतला.

"एप्रिलमध्ये राब पेटवतात," मी म्हटलं. "त्या दिवसांत कुणाला घेऊन जाऊ नकोस. धुरात वळण दिसत नाही."

"किती दिवस?"

"पाड्यावर विचार. प्रत्येकाचा दिवस वेगळा."

तिनं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. त्या आठवड्यात आमच्यात तेवढंच बोलणं झालं.

सोपी आणि मधली वाट अजून माझ्याकडे आहे. भरतीची वेळ लोक मलाच विचारतात. डोंगरावर ती पाड्यावरच्या बाईला बरोबर घेऊन फिरते, आणि गेल्या महिन्यात त्या दोघींनी धरणाच्या बाजूनं उतरणारी चौथी वाट काढली. बोर्डवर ती जावेनं लिहिली, माझ्या तीन ओळींखाली, माझ्यापेक्षा बऱ्या अक्षरात. चांगली आहे म्हणतात. मला कुणी नेलेलं नाही, आणि मी अजून विचारलेलं नाही.